चौथ्या मजल्यावरचं हरवलेलं पाकीट

१

सकाळी दहाला चौथ्या मजल्याच्या काउंटरवर ठेवलेलं खाकी पाकीट अकराला तिथं नव्हतं. साडेअकरापर्यंत मजल्यावरच्या प्रत्येकानं ते दुसऱ्या कुणीतरी हलवलं असणार, असं सांगून हात झटकले होते. पावणेबाराला तक्रारबाईंना बोलावणं आलं.

तक्रारबाई म्हणजे रुग्णालयाच्या तक्रार निवारण अधिकारी. हुद्द्याची पाटी दारावर होती, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. त्या चार जिने चढून वर आल्या, कारण दोन लिफ्टपैकी एक बंद होती आणि दुसरी पाहुण्यांसाठी राखलेली. त्या लिफ्टबद्दल त्यांच्याकडे सतरा तक्रारी आल्या होत्या. अठरावी त्यांची स्वतःची होती, आणि ती कुणाकडे द्यायची हे त्यांना नऊ वर्षांत उमगलं नव्हतं.

पाहुणे म्हणजे परदेशातून येणारे म्हातारे रुग्ण. त्यांच्या देशात म्हातारी माणसं उदंड आणि त्यांचं करणारे हात थोडे. खुबा बदलायचा म्हटलं तर दोन-दोन वर्षं रांग. शेवटी तिथल्या सरकारी उपचार योजनेनं ठरवलं, की आपल्या म्हाताऱ्यांना विमानात बसवून बाहेर धाडणंच सोपं. मग इथला चौथा मजला रंगला, खिडक्यांना पडदे लागले, आणि खालच्या मजल्यांवरच्या गावातल्या लोकांच्या तारखा पुढे सरकायला लागल्या. तक्रारबाईंच्या आईच्या गुडघ्याची तारीख आतापर्यंत तीनदा सरकली होती.

तक्रारबाईंना ही नोकरी मिळाली तीही पाहुण्यांमुळेच. तरुणपणी अकरा वर्षं त्यांनी त्याच देशातल्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांना उठवलं-बसवलं होतं. भाषा तिथंच शिकल्या. कंबर तिथंच गेली.

"मी स्वतः ठेवलं होतं," मोठ्या सिस्टर काउंटरवर बोट आपटत म्हणाल्या. "इथं. सही करून घेतलं, इथं ठेवलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं जिथल्या तिथं. नवे एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्या पाकिटाला खेटून होतं. त्याला कुणी हात लावलेला नाही."

पाकीट होतं खोली आठमधल्या आजींचं. उद्या सकाळी आठला त्यांचा उजवा खुबा बदलायचा होता. आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की जुने कागद तळघरात पाणी शिरून गेले. भूलतज्ज्ञ बाई चिकट. त्यांनी परस्पर तिकडच्या दवाखान्याला पत्र लिहिलं, आणि आज सकाळी जुनी नोंद कुरिअरनं आली. आली आणि गेली.

"दहा ते अकरामध्ये इथून कोण कोण गेलं?"

"रेकॉर्डचे काका पाकीट देऊन गेले. समन्वयक दोनदा येऊन गेले, उद्याची वेळ पक्की ना म्हणून. आठमधल्या आजींची बहीण गरम पाणी मागायला आली होती. बाकी मी होते. माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, मला दुपारची औषधं वाटायची आहेत."

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. प्रशासक साहेब होते.

"हे बघा, भूलतज्ज्ञ बाई अडून बसल्यात. आलेलं पाकीट हरवलं तर त्यात काय होतं हे कळेपर्यंत भूल देणार नाही म्हणतात. चार वाजेपर्यंत शोधा."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर ते कधी आलंच नव्हतं, असं तुम्ही लिहून द्या."

२

समन्वयक पाहुण्यांना विमानतळावरून विमानतळावर पोचवणारा माणूस. बूट असे चकचकीत, की सगळा स्टाफ त्याला मागे 'पॉलिश' म्हणायचा. तो तळमजल्यावरच्या त्याच्या काचेच्या खोलीत एकाच वेळी दोन फोनवर बोलत होता. तक्रारबाई पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक फोन त्याच्या हातातून काढून टेबलावर पालथा ठेवला.

"पाकीट मी घेईन?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "बाई, ते यावं म्हणून तिकडच्या दवाखान्याला चार फोन मी केले. मला ते नको असतं तर एकही फोन न करता काम झालं असतं."

हे खरं होतं. तक्रारबाईंना खरं ऐकून वैताग आला.

"या दोघींबद्दल सांगा. बहिणी कशा आहेत?"

"नावच काढू नका. योजनेचं कार्ड थोरलीचं. शहात्तर वर्षांची, चौतीस वर्षं बस चालवली म्हणे. धाकटी सोबतीला आलेली, एकाहत्तरची. हिनं जन्मभर नोकरी केली नाही, आईबाप सांभाळले. पण वचवच सगळी हिचीच. मधल्या विमानतळावर विमान बदलायचं, तर तपासणीच्या कमानीतून ही गेली आणि कमान ओरडायला लागली. पट्टा काढला, बूट काढले, तरी ओरडतेच. अर्धा तास गेला."

"दोघींसाठी?"

"छे, थोरली व्हीलचेअरवरून बाजूला आली होती, तिला हातातल्या यंत्रानं तपासलं, दोन मिनिटांत मोकळी. ही सोबतीण अडकली. आणि इथं गाडीत बसल्यावर आमच्या ड्रायव्हरला शिकवायला लागली. वळणावर ब्रेक मारू नकोस, वळणाआधी मार. सगळ्या रस्ताभर स्वतःचा पाय दाबत होती. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पुन्हा हिला पुढच्या सीटवर बसवू नका."

त्याचा दुसरा फोन वाजला आणि त्यानं तो लगेच घेतला. तक्रारबाई बाहेर पडल्या. साडेबारा वाजले होते. हातात काही नव्हतं, आणि आता पुन्हा चार जिने चढायचे होते.

दुसऱ्या जिन्यावर आईचा फोन आला.

"विचारलंस का माझ्या तारखेचं?"

"आई, मी एका चौकशीत आहे."

"मी पण. सहा महिने चौकशीतच आहे. न्हाणीघरापर्यंत जाईस्तोवर वीस मिनिटं लागतात मला. तेवढ्या वेळात तू विचारून येशील."

३

खोली आठमध्ये पलंगावर एक आजी होत्या आणि खिडकीशी खुर्चीत दुसऱ्या. स्टाफनं सोयीसाठी त्यांची नावं पलंगआजी आणि खुर्चीआजी अशी पाडली होती. पलंगआजी थोरल्या हे कुणालाही पटलं असतं. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं, केस पांढरे फटक. खुर्चीआजी ताठ, गालांवर रंग.

तक्रारबाईंनी दारातूनच कार्डावरचं नाव घेऊन हाक मारली. खुर्चीतल्या आजींनी झटकन मान वर केली. पलंगावरच्या आजींची सुई चालूच राहिली. त्या मोजा विणत होत्या.

"तिला कमी ऐकू येतं," खुर्चीआजी घाईनं म्हणाल्या.

तक्रारबाईंनी त्यांच्या भाषेत पाकिटाची गोष्ट सांगितली. दोघींचे चेहरे कोरे. खुर्चीआजी म्हणाल्या, की त्या गरम पाणी घेऊन सरळ खोलीत आल्या आणि त्यानंतर उठल्याच नाहीत.

"आज बागेत गेला नाहीत? रोज अकराला जाता ना?"

"आज कंटाळा आला."

तक्रारबाईंच्या पिशवीत फोन थरथरला. आईच असणार. आवाज एवढा बारीक, की त्यांनाही तो फक्त कमरेला जाणवला. पलंगआजी मोज्यावरची नजर न काढता हळूच म्हणाल्या, "तुमचा फोन वाजतोय."

कमी ऐकू येणाऱ्या बाईला हे बरं ऐकू आलं.

निघताना त्यांच्या कमरेत नेहमीची कळ आली आणि त्या पलंगाचा कठडा धरून वाकल्या. पलंगआजींनी मोजा बाजूला टाकला. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले, मग एक हात तक्रारबाईंच्या पाठीला आणि एक पोटाशी लावून त्यांना अलगद सरळ केलं. स्वतः पडल्या पडल्या.

तक्रारबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. आधी तळवे घासायचे, थंड हात अंगाला लावायचा नाही. हे त्यांना वृद्धाश्रमात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केल्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

बाहेर मोठ्या सिस्टर औषधांची गाडी ढकलत होत्या.

"काही बोलल्या का?"

"नाही."

"एक सांगू? पलंगआजी परवापासून सगळ्यांना एकच विचारतात. भूल कुठून देणार, नाकातून की पाठीतून. मला विचारलं, ड्रेसरला विचारलं, झाडूवाल्या मावशींना खुणेनं विचारलं. भित्र्या दिसतात."

"भूलतज्ज्ञ बाईंना विचारलं?"

सिस्टर थांबल्या. "नाही हो. त्यांनाच तेवढं नाही विचारलं."

४

रेकॉर्डचे काका तळघरात बसायचे. एकतीस वर्षं तिथंच. चौथ्या मजल्याच्या फाइलींना थंड हवेची वेगळी खोली मिळाल्यापासून ते वरच्या कुणाशी नीट बोलत नसत.

"मला काही माहीत नाही. आलं, नोंदलं, वर दिलं, संपलं."

"आत काय होतं?"

"कागद."

"काका, कसले?"

"पाकिटातले."

अर्धा तास असंच घोंगडं भिजत पडलं. काकांनी संगणकाला नावं ठेवली, ओल आलेली भिंत दाखवली, निवृत्तीला उरलेले दिवस सांगितले. पावणेतीन झाले. पुन्हा आईचा फोन आला, आणि तळघरात आवाज घुमतो म्हणून काकांना तो अख्खा ऐकू गेला.

"कितवा नंबर आहे आईंचा?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"दोनशे बारा."

"आमच्या हिचा दोनशे साठ." काकांनी चष्मा काढून पुसला. "बसा. उभ्या का?"

मग ते बोलले. फिल्म उजेडाला धरल्याशिवाय ते नोंद करत नसत. आतली फिल्म आणि वरचं लेबल वेगळं निघालं तर बोलणी त्यांनाच बसत. पाकिटात दोन जुन्या फिल्म आणि पाहुण्यांच्या भाषेतलं एक पत्र होतं. पत्र त्यांना वाचता येत नव्हतं.

"फिल्मवर उजव्या मांडीच्या हाडाला वरपर्यंत पांढरी पट्टी होती. आणि सहा स्क्रू. मला वाटलं, हिचं ऑपरेशन तर झालेलंच दिसतंय, मग पुन्हा कशाला आणलीय? पण विचारणार कोणाला? वरचे लोक आम्हाला विचारतात का?"

तक्रारबाई या वेळी जिने मोजल्याशिवाय चढल्या. काउंटरवरचा नवा एक्सरे त्यांनी त्याच्या कव्हरातून ओढला आणि खिडकीच्या काचेवर धरला.

उजवा खुबा झिजलेला होता, नवख्यालाही कळेल इतका. त्याखाली मांडीचं हाड लांबच लांब, स्वच्छ. पट्टी नव्हती. स्क्रू नव्हते. स्क्रूची भोकंसुद्धा नव्हती.

५

तक्रारबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. साडेतीन. राग कोणावर काढावा हे कळत नसलं की त्या असंच पायरीवर बसून बोटं मोडत.

ऑपरेशन थांबवायचं असतं त्यानं नवे एक्सरे नेले असते. तसं झालं नव्हतं. म्हणजे चोराला ऑपरेशन व्हायलाच हवं होतं, फक्त जुनं काही दिसायला नको होतं. काकांना पाकीट गायब करायचं असतं तर ते तळघरातच गायब झालं असतं, नोंदही न होता. सिस्टरांनी स्वतः सही करून घेतलं होतं. समन्वयकानं ते मागवायला चार फोन केले होते. या तिघांना ते येणार हे माहीत होतं आणि कुणाचीही त्याला हरकत नव्हती. ज्याला ते काउंटरवर अचानक दिसलं आणि धडकी भरली, असं एकच माणूस उरत होतं.

हाडातली पट्टी कुणी गिळत नाही. ती काढली असती तर खुणा राहिल्या असत्या. म्हणजे जुनी फिल्म एका बाईची होती आणि नवी दुसऱ्या बाईची. आणि दोघींपैकी मांडीत लोखंड कोणाच्या आहे, हे विमानतळावरच्या कमानीनं कधीच ओरडून सांगितलं होतं.

त्या खोली आठमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

"बस तुम्ही चालवलीत," त्या खुर्चीआजींना म्हणाल्या. "चौतीस वर्षं. कार्ड तुमचं, मांडीतली पट्टी तुमची. हाक मारली की मान तुमची वळते. आणि पलंगावर आहेत त्या तुमच्या धाकट्या बहीण. त्यांनी आईबाप सांभाळले, ते त्यांच्या हातांना अजून माहीत आहे. दुखण्यानं माणूस दहा वर्षांनी म्हातारं दिसतं, म्हणून कुणाला शंका आली नाही."

खुर्चीआजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"उठता का जरा? सकाळपासून बसून आहात."

खुर्चीआजी उठल्या, खुर्चीवरची गादी उचलली आणि त्याखालचं खाकी पाकीट पुढे केलं.

"तुम्ही आमच्याकडे राहिला आहात, तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. आवाजात ओशाळलेपण नव्हतं, चीड होती. "बापाचं नऊ वर्षं केलं हिनं. आईचं तेरा. योजनेच्या लेखी ते काम नाही. बाहेर पाठवायच्या यादीत कार्डवाल्यांचीच नावं. बाकीच्यांना तिथल्या रांगेत शेवटी. मी सकाळी पाचला बस काढायची, परत आले की गरम जेवण पुढे यायचं. माझी चौतीस वर्षं हिनं उभी केली. अर्धं कार्ड हिचंच आहे. मी चोरलं काय?"

तक्रारबाईंना ते पटत होतं, हाच मोठा त्रास होता. त्या पलंगाकडे वळल्या.

"आजी, भूल कुठून देणार असं सगळ्यांना का विचारताय?"

पलंगआजींनी मोजा छातीशी धरला. थोरलीकडे बघितलं नाही.

"एकोणतिसाव्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं," त्या म्हणाल्या. "नाकातून भूल दिली. अंग भाजून निघालं आणि लाकडासारखं ताठ झालं म्हणे. तीन दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, वाचलीस, पण पुन्हा ही भूल घेऊ नकोस. कुणालाही सांगितल्याशिवाय टेबलावर चढू नकोस."

खुर्चीआजी जागच्या जागी उभ्या होत्या.

"कधी? मी कुठं होते?"

"तू दुसऱ्या शहरात होतीस, बसचं प्रशिक्षण चालू होतं. आई म्हणाली, ताईला कळवू नकोस, ती सगळं टाकून येईल."

"फॉर्मवर मी लिहिलंय, पूर्वी भुलीचा त्रास नाही," थोरली म्हणाली. एकेक शब्द सुटा पडत होता. "मी माझं लिहिलं. तू शेजारी बसली होतीस. का नाही बोललीस?"

"फॉर्म भरून झाला होता. आणि तू इतकी खुश होतीस. वाटलं, इथं कदाचित पाठीतून देत असतील."

थोरली परत खुर्चीत बसली. चौतीस वर्षं हजारो माणसांना सुखरूप उतरवलेली ती बाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली.

६

भूलतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला टेकल्या. "नाकातूनच देणार होते," त्या म्हणाल्या. "उद्या आठला." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाठीतून देता येईल. एक औषध जवळ ठेवावं लागेल. पण माझ्या कागदावर खऱ्या बाईचं नाव हवं."

प्रशासक साहेबांना मात्र सुटल्यासारखं झालं.

"मग अडलंय कुठं? पाठीतून भूल द्या, खुबा बसवा, कार्डावरचं नाव राहू द्या. पुढच्या महिन्यात चाळीस पाहुणे येतायत. योजनेच्या कानावर गेलं तर एकही येणार नाही." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सदर पाकीट रुग्णालयास प्राप्त झाले नाही. खाली सहीची जागा.

"आणि ऐका. उद्या गुरुवारी दहा वाजताच्या पाहुण्यांना ताप आलाय, टेबल रिकामं आहे. आईंना घेऊन या. गुडघा उद्याच करून टाकू. किती दिवस त्या माउलीला ताटकळत ठेवायचं?"

तक्रारबाईंनी पेन हातात घेतलं. पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला हे सांगत राहिल्या, की पेन हातात घेतलं होतं आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर अर्धं काढलंही होतं. न्हाणीघरापर्यंतची वीस मिनिटं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. सही केली तर धाकटीला खुबा मिळत होता, आईला गुडघा. तोटा कुणाचाच नव्हता.

मग त्यांना थोरली दिसली, आणखी पाच वर्षांनी, तिच्या गावातल्या रस्त्यावर पडलेली. दवाखान्यातली माणसं पडद्यावर तिचं कार्ड उघडतात. उजवा खुबा बदललेला. बदललेला तर नाही, उलट मांडीत पट्टी. कुणाच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा? आणि धाकटी? तिच्या नावावर काहीच नाही. ना खुबा, ना भुलीचा धोका. पुढच्या वेळी शुद्ध हरपलेली असेल तर तिच्या वतीनं बोलणार कोण? दोन जिवंत बायकांची कागदावर अदलाबदल होणार होती आणि ती गाठ पुन्हा कुणालाच सुटणार नव्हती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पाकीट मिळालं, साहेब. मी तसंच लिहिणार आहे."

"विचार करा. आईंचा तरी."

"तोच करून बसलेय."

७

त्यांचा निर्णय कुणालाच आवडला नाही. खुर्चीआजींना सगळ्यात कमी.

"तुम्ही सही केली असती तर उद्या हिला खुबा मिळाला असता," थोरली म्हणाली. "धोका आता कळला होता. पाठीतून देणार होते. मग तुम्हाला काय पडलं होतं?"

तक्रारबाईंनी कार्डांची आणि नोंदींची गोष्ट समजावून सांगितली. थोरलीनं ऐकली, पण मान हलवली नाही. त्या तिघी पाहुण्यांच्या लिफ्टनं खाली आल्या, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी. तिथली रांग गावातल्या लोकांची. तिला कार्ड लागत नाही, देश लागत नाही, फक्त वेळ लागतो. धाकटीच्या खऱ्या नावानं फाइल निघाली. काका स्वतः वर आले आणि पहिल्या पानावर भुलीचा इशारा लाल शाईनं, ठसठशीत, मराठीत आणि तक्रारबाईंनी लिहून दिलेलं बघून बहिणींच्या भाषेतही लिहून गेले. नंबर तीनशे एकोणीस.

पुढचं सांगायचं तर, योजनेनं थोरलीचं कार्ड दोन वर्षांसाठी गोठवलं. प्रशासक साहेब घाबरले होते ते उगाचच. चाळीस पाहुणे ठरल्या दिवशी आले, कारण त्यांच्या देशातली रांग काही कमी झाली नव्हती. तक्रारबाईंकडून चौथा मजला काढून घेण्यात आला. गुरुवारचं दहाचं रिकामं टेबल तासाभरात दुसऱ्या पाहुण्याला मिळालं. दोघी बहिणींनी रुग्णालयामागे एक खोली भाड्यानं घेतली आणि तिथं अकरा महिने काढले. पहिले दोन महिने तक्रारबाई दिसल्या की थोरली रस्ता ओलांडायची. धाकटीचा खुबा झाला, पाठीतून भूल देऊन, काही त्रास न होता. तेव्हा थोरली रात्रपाळीच्या सिस्टरांना आणि झाडूवाल्या मावशींना चहा देत फिरली. तक्रारबाईंनाही दिला. बोलली मात्र नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी दुपारी तक्रारबाई आईला जेवायला वाढत होत्या, आणि पोटात मावेना म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाकीट, बहिणी, कागद, आणि गुरुवारचं दहाचं टेबल.

आईनं घास खाली ठेवला.

"म्हणजे काल माझा गुडघा झाला असता."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"आई, ते चुकीचं होतं. मला..."

"चुकीचं होतं ते कळतंय मला. म्हातारी झालेय, खुळी नाही." आईनं पाण्याचा पेला ओढला, प्यायली नाही. "गुडघा माझा. कळ माझी. नाही म्हणायचं होतं तर ते मी म्हटलं असतं. दारात येऊन विचारायचंस तरी. इतक्या वर्षांत मला कुणी असं काही विचारलं नाही, ज्याला नाही म्हणून माझी मान ताठ होईल. एकदा संधी आली होती, तीही तू परस्पर वापरलीस."

तक्रारबाईंना वाटलं, आता आई म्हणेल, जाऊ दे. आई तसं म्हणाली नाही. तिनं ताट बाजूला सारलं, टेबलाची कड धरली आणि उठायला लागली. तक्रारबाई हात द्यायला पुढे झाल्या.

"नको," आई म्हणाली. "हे तरी मला करू दे."